भंगारातली दीड एचपी मोटार, जळकी हब मोटार आणि एक नवा रोटर: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

भंगारातून दोन वस्तू आणल्या. पहिली, दीड एचपीची थ्री फेज इंडक्शन मोटार: ४ पोल (चुंबकीय ध्रुव), ९० फ्रेम (बॉडीचा आकार), ४१५ व्होल्ट, स्टार जोडणी. बेअरिंगं वाजतात, पण वाइंडिंग शाबूत. दुसरी, इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली हब मोटार. तिचं वाइंडिंग जळलंय, म्हणून किलोच्या भावात मिळाली. आतल्या रिंगवर ४६ चपटे मॅग्नेट आहेत. पहिलीचा स्टेटर (वाइंडिंगचा स्थिर भाग), दुसरीचे मॅग्नेट आणि मधला फिरणारा रोटर नव्यानं बनवायचा, आणि यातून वीज बनवणारा अल्टरनेटर करायचा, असा बेत आहे. अल्टरनेटर ओढ्यावरच्या छोट्या टर्बाइनला पट्ट्यानं जोडायचाय, शाफ्टवर ४०० ते ४५० आरपीएम धरले आहेत.

हब मोटार घेताना मॅग्नेट चपटे आहेत का ते आधी बघावं. काही हबमध्ये ते रिंगच्या गोलाईप्रमाणे वाकवलेले असतात. अशांची पोकळ बाजू आतल्या अंगाला असते, आपल्या रोटरवर ती बसत नाही आणि उलटवून लावायचीही सोय राहत नाही. चपटा मॅग्नेट फिरवून ठेवला की उत्तर ध्रुवाचा दक्षिण ध्रुव झाला.

स्टेटरची मापं: बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) ८० मिमी, लोखंडी कोअरची लांबी ९० मिमी, वाइंडिंगचे स्लॉट (खाचा) ३६. जुन्या रोटरचा व्यास ७९.५. बेअरिंगं ६२०५, दोन्ही बदलायची.

५ फेब्रुवारी

स्टेटर तपासला. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग ते बॉडी ८० मेगाओहम. लाइन ते लाइन रेझिस्टन्स तिन्ही जोड्यांत १४ ओहम. तिन्हींत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला असता, तर वाइंडिंगच्या एखाद्या ग्रुपमध्ये वेढे शॉर्ट आहेत असं समजून हा स्टेटर बाजूला ठेवावा लागला असता. इंडक्शन मोटारीत असा शॉर्ट फ्यूज उडाल्यावर कळतो. मॅग्नेटच्या रोटरखाली तो वेढा कायम ब्रेकसारखा धरून राहतो आणि तापतो, कारण मॅग्नेटचं फील्ड बंद करता येत नाही.

९ फेब्रुवारी

मॅग्नेट काढले. हबची रिंग झाकणाच्या डब्यात ॲसिटोनमध्ये दोन रात्री बुडवून ठेवली होती. डबा सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावा, जवळपास ठिणगी नको. त्यानंतर पितळेची पातळ पाचर मॅग्नेटच्या बाजूला लावून हलक्या हातोडीनं एकेक मॅग्नेट बाजूला सरकवला. वर उपटायला जाऊ नये, तुकडाच हातात येतो. या मॅग्नेटचं निओडिमियम काचेइतकं ठिसूळ असतं.

ब्लो टॉर्चनं गोंद जाळून मॅग्नेट पटापट निघतात हे खरं, पण साध्या ग्रेडचा निओडिमियम ८० अंशांच्या पुढं गेला की ताकद गमावतो आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही. भंगारातल्या मॅग्नेटचा ग्रेड कशावरच लिहिलेला नसतो, त्यामुळे तो सर्वांत हलका आहे असंच धरून चालावं.

४६ पैकी ४३ अख्खे निघाले. माप ३० × १३ × ३ मिमी. टवका उडालेले तीन बाजूला ठेवले: निकेलचा मुलामा गेला की आतून गंज धरतो, मॅग्नेट फुगतो आणि पावडर होऊन सुटतो.

११ फेब्रुवारी

निवड. १० मिमी जाड लोखंडी पाटीवर ३ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा, त्यावर मॅग्नेट, मॅग्नेटला दोऱ्याचा फास आणि वर स्प्रिंग काटा. सुटताना काटा काय दाखवतो ते प्रत्येक मॅग्नेटवर मार्करनं लिहिलं. सरासरी १.८ किलो. १.५५ च्या खालचे चार बाद. हातात ३९ उरले, लागणार ३६.

चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या ४९ई हॉल सेन्सरनंही हे काम होतं, फक्त सेन्सर मॅग्नेटला टेकवून चालत नाही. साधारण १००० गॉसच्या पुढं तो सॅच्युरेट होतो (कमाल आकड्यावर अडकतो) आणि सगळे मॅग्नेट सारखेच दिसतात. मध्ये १० मिमीचा लाकडी ठोकळा ठेवला तर फरक कळतो.

ध्रुव तपासायला होकायंत्र वापरलं. मॅग्नेट फार जवळ नेला तर सुईचीच चुंबकता उलटते, म्हणून वितभर लांबून बघायचं. सगळ्यांच्या उत्तर बाजूला लाल ठिपका.

१५ फेब्रुवारी: आकडे

जुना रोटरच खराडून त्यावर मॅग्नेट चिकटवायचे, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. ती इथं घेतलेली नाही. जुन्या रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खोल गेलेल्या असतात. वरून चार मिमी काढले तरी त्यांचा मोठा भाग आत राहतो, म्हणजे मॅग्नेटच्या पाठीमागं जिथं लोखंड हवं तिथं ॲल्युमिनियम. पट्ट्या संपेपर्यंत खराडावं, तर स्टॅम्पिंग धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि लेथवर पत्रे पानांसारखे सुटतात. म्हणून शाफ्ट तेवढा जुना ठेवायचा, कोअर भरीव लोखंडाचा. इथं पत्र्यांची गरजही नाही, कारण रोटरमधलं फील्ड रोटरबरोबरच फिरतं, लोखंडाला ते जवळपास स्थिरच असतं.

पाठीमागं किती लोखंड लागेल? एका पोलचा पट्टा सुमारे ६१ मिमी, त्यावर फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) सरासरी घनता ०.५२ टेस्ला धरली. अर्धा फ्लक्स एका बाजूला वळतो, म्हणजे ०.५२ × ३०.५ = १५.९. लोखंड १.५ टेस्लापर्यंत चालवलं तर जाडी १०.६ मिमी. आपल्या कोअरमध्ये शाफ्टपासून वर २० मिमी लोखंड आहे, चिंता नाही.

मांडणी: प्रत्येक पोलला रुंदीत ३ आणि लांबीत ३, असे ९ मॅग्नेट. चार पोल, ३६ मॅग्नेट. रुंदीतले तीन मॅग्नेट मिळून ९० पैकी ६५ अंश व्यापतात. चौथी ओळ बसली असती, पण मग शेजारच्या पोलशी अंतर इतकं कमी राहतं की फ्लक्स स्टेटरमध्ये न जाता बाजूच्या बाजूला पळतो. मॅग्नेट वाया.

मॅग्नेट चपटे, रोटर गोल, त्यामुळे मॅग्नेटच्या कडा मधल्या भागापेक्षा बाहेर येतात. हिशोब कडेवरून करायचा. फ्लॅट (मॅग्नेट बसायला कोअरवर काढायची सपाट जागा) केंद्रापासून ३५.३५ मिमीवर, गोंद ०.१, मॅग्नेट ३: मधली त्रिज्या ३८.४५, कडेची ३९.०. वर ०.३ मिमी फायबर टेप धरली की ३९.३. बोअरची त्रिज्या ४०, म्हणजे कडेला गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) ०.७ आणि मध्ये १.५५. इंडक्शन मोटारीला हा गॅप फारच मोठा वाटेल. ३ मिमी मॅग्नेटला चालतो.

कॉगिंग, म्हणजे मॅग्नेट स्टेटरच्या दातांशी अडखळणं: ३६ स्लॉट आणि ४ पोल, म्हणजे दर १० अंशांना अडकण. मॅग्नेट तिरपे बसवायचे तर फ्लॅटही तिरपे हवेत, मिलिंगला ते डोकेदुखी. त्याऐवजी कोअरच्या ३० मिमीच्या तीन रिंगा करायच्या आणि प्रत्येक रिंग आधीच्या रिंगेपेक्षा ३.३३ अंश सरकवून बसवायची. व्होल्टेजचं नुकसान अर्धा टक्कासुद्धा नाही.

१९ फेब्रुवारी

हायड्रॉलिक प्रेसवर जुन्या रोटरमधून शाफ्ट काढला. शाफ्टची बसायची जागा खरवडलेली असते, ती लेथवर साफ करून ३०.०० केली. दोन्ही बाजूंच्या बेअरिंग सीटना धक्का लावला नाही.

कोअरसाठी उद्यमनगरातून जुन्या हायड्रॉलिक सिलिंडरचा ७५ मिमीचा रॉड, ११० मिमी तुकडा. अशा रॉडवर हार्ड क्रोम असतो. पहिला कट क्रोमच्या खालून घ्यायचा, कार्बाइड टीपनं. वरवर घासत बसलं तर टीप जाते. आणि घेण्याआधी कापलेल्या तोंडावर, कडेपासून दोनेक मिमी आत, कानस मारून बघावी. घसरली तर रॉड इंडक्शन हार्डन केलेला आहे, तो सोडून दुसरा बघावा.

बाहेरून ७२.४, बोअर ३०.०५, मग पार्टिंग करून तीन रिंगा, दोन्ही तोंडं फेस करून प्रत्येकी ३०.२. मॅग्नेट ३० मिमी लांब आहेत, ते रिंगेच्या बाहेर डोकावू नयेत म्हणून वरचे ०.२ मिमी. तिन्ही रिंगांवर नंबर मारले.

२२ फेब्रुवारी: मिलिंग

तिन्ही रिंगा एका मँड्रेलवर (मधून जाणाऱ्या दांड्यावर) नटानं आवळून डिव्हायडिंग हेडमध्ये (ठरावीक कोनात फिरवणाऱ्या साधनात) धरल्या. तिन्हींवर फ्लॅट एकदमच निघतात, त्यामुळे आपसात फरक पडायचा प्रश्न नाही.

४० ला १ च्या हेडवर (हँडलचे ४० फेरे, रिंगेचा एक) २७ भोकांच्या वर्तुळात सगळं बसतं. एका पोलमधले तीन फ्लॅट २२ अंशांवर: २ फेरे १२ भोकं. पोलचा शेवटचा फ्लॅट ते पुढच्या पोलचा पहिला, ४६ अंश: ५ फेरे ३ भोकं. चार पोल झाले की हँडल बरोबर पहिल्या भोकात येतं, तीच तपासणी. हँडल पुढं गेलं तर तेवढंच मागं आणू नये. अर्धा फेरा मागं जाऊन पुन्हा पुढून यायचं, नाहीतर वर्म गिअरचा ढिलेपणा मापात उतरतो.

कटर १६ मिमी एंड मिल, खोली ०.८५. एवढ्या खोलीला फ्लॅटची रुंदी १५.६ येते, म्हणजे एकाच पासमध्ये काम होतं. शेजारच्या दोन फ्लॅटच्या मध्ये बारीक धार राहते, ती राहू द्यावी. मॅग्नेट बाजूला घसरायला तीच पहिली आडकाठी.

मिलिंग झाल्यावर सगळे बर कानशीनं काढले, रिंगा डिझेलनं धुऊन कोरड्या केल्या. इथून पुढं रोटरवर लोखंडाचं कोणतंही मशीनिंग नाही. मॅग्नेट लागल्यावर एक भोक पाडायचं म्हटलं तरी सगळा चुरा रोटरवर जाऊन बसतो.

२३ फेब्रुवारी

रिंगा शाफ्टवर. शाफ्ट आणि बोअर ॲसिटोननं पुसून लॉकटाइट ६३८ (शाफ्टवर भाग पक्का धरणारा गोंद) लावलं, पहिली रिंग घालून तासभर सोडली. मग शाफ्ट पुन्हा डिव्हायडिंग हेडमध्ये. पहिल्या रिंगेच्या एका फ्लॅटवर डायल (बारीक फरक दाखवणारा काटा) आडवा फिरवून तो फ्लॅट शून्यावर आणला. हँडल १० भोकं फिरवलं, म्हणजे ३.३३ अंश. दुसरी रिंग लॉकटाइट लावून घातली आणि तिचा तोच फ्लॅट डायलवर शून्य होईपर्यंत हातानं फिरवली. स्वच्छ लोखंडावर लॉकटाइट पाच-दहा मिनिटांत धरतं, त्यामुळे डायल आधीच लावून ठेवावा. तिसरी रिंगही तशीच, त्याच दिशेनं. दिशा चुकली तर तिसरी रिंग पहिलीच्या रेषेत येते आणि निम्मं काम फुकट जातं. म्हणून बाणाची खूण आधीच करून ठेवली होती.

२४ तास सोडून बेअरिंग सीटवर रनआउट (फिरताना होणारी डगमग) बघितला: ०.०४ मिमी. दोन सरळ पट्ट्यांवर शाफ्ट ठेवून बॅलन्स पाहिला, कुठंही ठेवला तरी रोटर थांबतो.

१ मार्च: मॅग्नेट चिकटवणं

फ्लॅट ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासले. मॅग्नेटच्या खालच्या बाजूचा जुना गोंद काढला, निकेल मात्र खरवडला नाही. दोन्ही ॲसिटोननं पुसून त्यानंतर बोट लावायचं नाही. गोंद म्हणजे सावकाश धरणारं दोन भागांचं अराल्डाइट. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथं नको, ते तापल्यावर लवकर मऊ पडतं आणि मॅग्नेट जागेवर आणायला वेळही देत नाही.

एकाच पोलमधले शेजारी मॅग्नेट एकमेकांना ढकलतात. लोखंड त्यांना खाली ओढून धरतं, पण ओला गोंद वंगणासारखा असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत मॅग्नेट आपोआप सरकून पोलांमधल्या रिकाम्या जागेकडे जातो. म्हणून आधी प्रत्येक पोलची मधली ओळ लावली, ती पूर्ण सुकू दिली आणि दुसऱ्या दिवशी कडेच्या ओळी. मध्ये बांबूच्या चिपा: वाइंडिंगवाले स्लॉट बंद करायला वापरतात त्याच, तासून तळाशी ०.७ मिमी केलेल्या. बाहेरच्या बाजूनं रबराच्या पट्ट्यांनी लाकडी ठोकळे बांधले. स्टीलपट्टी किंवा साधा क्लॅम्प जवळ आणू नये.

मॅग्नेट बोटांनी वरून सरळ ठेवता येत नाही, शेवटच्या सेंटिमीटरला तो हातातून सुटून आपटतो आणि फुटतो. फ्लॅटच्या टोकाला प्लास्टिकची पट्टी ठेवायची, मॅग्नेट तिच्यावर टेकवायचा आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं सरकवत फ्लॅटवर आणायचा. चष्मा घालावा.

प्रत्येक ओळीनंतर होकायंत्र. पोलमधले नऊही मॅग्नेट एकाच ध्रुवाचे, शेजारचा पोल उलटा. एक जरी उलटा बसला तर तो शेजारच्या दोघांचा फ्लक्स खातो. गोंद ओला असताना काढणं सोपं, नंतर तो फोडूनच काढावा लागतो.

४ मार्च

पोलांमधल्या खळग्यांत अराल्डाइट आणि शंखजिऱ्याची पावडर, समान भाग. नुसतं अराल्डाइट जाड भरलं तर तापून तडकतं आणि महागही पडतं. दोन्ही टोकांनाही तेच, मॅग्नेटच्या कडा झाकेपर्यंत.

वरून वाइंडिंगच्या दुकानातली फायबर टेप, इपॉक्सीत भिजवून, ताणून, तीन थर. ४२० आरपीएमला एका मॅग्नेटवर सेंट्रिफ्युगल ओढ जेमतेम ०.६ न्यूटन आहे, १५०० ला ८ न्यूटन. तेवढ्यासाठी गोंदच पुरे. टेप आहे ती ठिसूळ कडा सांभाळायला आणि एखादा मॅग्नेट तडकला तर तुकडा गॅपमध्ये जाऊ नये म्हणून. सुकल्यावर हातानं पॉलिशपेपर मारला. व्यास ७८.६, एका ठिकाणी ७८.७. चालेल. रोटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात, लेथपासून लांब.

८ मार्च: जोडणी

सगळ्यांत धोक्याची पायरी. स्टेटर जवळ आला की रोटर एका बाजूला खेचला जातो आणि झटक्यानं बोअरला चिकटतो. मध्ये बोट असेल तर ते गेलं.

आधी स्टेटर हवेनं साफ केला, रोटरवर चिकटपट्टी दाबून-उचलून बारीक कीस काढला. बोअरला आतून मायलर पेपरचा ०.२५ मिमीचा दुहेरी गुंडाळा, दोन्ही बाजूंनी चार बोटं बाहेर ठेवून. स्टेटर उभा ठेवला, खालचं कव्हर बेअरिंगसह बसवलेलं. वरच्या कव्हरच्या बोल्टच्या जागी १५० मिमीचे तीन थ्रेडेड रॉड. वरच्या कव्हरमध्ये रोटर आधीच बसवून घेतला आणि तीन नट पाव-पाव फेरा देत सगळा संच खाली उतरवला. रोटर मायलरला घासत सरळ जातो. खालचं बेअरिंग बसल्यावर मायलर ओढून काढला. निघत नसेल तर रोटर कुठंतरी टेकला आहे असं समजून पुन्हा वर घ्यावा.

शाफ्ट हातानं फिरतो, घासल्याचा आवाज नाही.

९ मार्च

कॉगिंग. शाफ्टला २५० मिमीची लाकडी पट्टी, टोकाला स्प्रिंग काटा. हलायला ११० ग्रॅम लागतात, म्हणजे सुमारे ०.२७ न्यूटन-मीटर, त्यात नव्या बेअरिंगच्या सीलचं घर्षणही आलं. फिरवताना अडकण हाताला जेमतेम जाणवते.

१२ मार्च: नो लोड (काहीही न जोडता)

अल्टरनेटर लेथच्या चकमध्ये शाफ्ट धरून फिरवला, बॉडीला आडवी पट्टी बांधून. ४ पोलला फ्रिक्वेन्सी म्हणजे आरपीएम भागिले ३०, त्यामुळे १५० ला फक्त ५ हर्ट्झ. साधे मल्टिमीटर इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला एसी रेंजवर काहीही दाखवतात. म्हणून थ्री फेज ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), ४५० व्होल्टचा कपॅसिटर आणि डीसी रेंज:

१५० आरपीएम: ४९ व्होल्ट
२६० आरपीएम: ८७ व्होल्ट
४२० आरपीएम: १४१ व्होल्ट

डायोडचे १.४ मिळवून १.४१ नं भागलं की लाइन व्होल्टेज मिळतं, आरपीएमला ०.२४ व्होल्ट. रेषा सरळ आहे. १५०० ला हे ३६० व्होल्ट होतात, म्हणजे भंगारातल्या मॅग्नेटनी मूळ मोटारीच्या फील्डच्या जवळपास मजल मारली आहे.

१६ मार्च: लोड

बादलीभर पाण्यात गीझरचा २००० वॅटचा एलिमेंट. थंड रेझिस्टन्स २६ ओहम. ४२० आरपीएमला ८८ व्होल्ट, ३.३ अँपिअर: २९० वॅट. त्याच वेळी वाइंडिंगमध्ये ३.३ × ३.३ × १४, म्हणजे दीडशे वॅट उष्णता. अर्ध्या तासानं वाइंडिंग ६२ अंश. मोटारीचा पंखा या वेगाला नावापुरताच आहे. मॅग्नेटची मर्यादा ८० धरली असल्यानं याच्या वर करंट न्यायचा नाही. जास्त वॅट हवे असतील तर वेग वाढवावा: करंट तोच, व्होल्टेज जास्त, वाइंडिंगमधली उष्णता तेवढीच.

२० मार्च

चार्ज कंट्रोलर १५० व्होल्ट इनपुटचा आहे. ४२० ला उघडं (लोड नसतानाचं) व्होल्टेज १४१, इथपर्यंत ठीक. पण बॅटरी भरली किंवा वायर सुटली की टर्बाइन मोकळा पळतो, वेग जवळपास दुप्पट होतो. ८०० आरपीएमला २७० व्होल्ट, कंट्रोलर एका क्षणात जळेल.

उपाय स्टेटरमध्येच आहे. फेजमधले दोन ग्रुप सिरीजमध्ये होते, ते पॅरलल करायचे. व्होल्टेज निम्मं, करंट दुप्पट, वॅट तेवढेच. ८०० ला १३४ व्होल्ट, कंट्रोलरच्या आत. कामाच्या वेगाला उघडं व्होल्टेज ७०, २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी पुरेसं.

टाके सोडवण्याआधी प्रत्येक ग्रुपच्या टोकांना खुणा. पॅरलल करताना आधी प्रत्येक ग्रुपचं सुरुवातीचं टोक तेवढं जोडायचं. शेवटची टोकं मोकळी ठेवून रोटर ४२० वर फिरवायचा आणि त्या दोन टोकांत मीटर लावायचा. तीन फेजना ०.४, ०.६ आणि ०.४ व्होल्ट आलं. एखाद्या फेजला काही व्होल्ट दिसले असते तर त्या दोन ग्रुपसमोरच्या पोलांची ताकद सारखी नाही. आणि एका ग्रुपच्या दुप्पट व्होल्टेज दिसलं, तर एक ग्रुप उलटा आहे. कोणत्याही परिस्थितीत तसंच जोडू नये: लोड नसतानाही दोन ग्रुपमध्ये करंट फिरत राहतो आणि वार्निशचा वास आल्यावरच कळतं.

जोड चांदीच्या टाक्यानं, वर फायबर स्लीव्ह, पुन्हा वार्निश. लाइन ते लाइन आता ३.५ ओहम.